मापाचा कोट

माझ्याकडे लग्नाचे तीन जुने फोटो आहेत. तिन्हींत नवरदेव वेगळे, कोट मात्र एकच. पहिल्यात माझे वडील, दुसऱ्यात धाकटे चुलते आणि तिसऱ्यात शेजारच्या घरातला एक तरुण. फोटो काळेपांढरे, त्यामुळे रंग कळत नाही. आई सांगायची की कोट तपकिरी होता. उजव्या खिशाच्या झाकणाजवळ रफू केलेली एक जागा आहे. ती तिन्ही फोटोंत दिसते, म्हणून कोट एकच हे मी छातीठोकपणे सांगतो. वडिलांच्या अंगावर त्याच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आहेत. चुलते अंगानं भरलेले, त्यांनी बटण लावलेलंच नाही. तिसऱ्याचे खांदे कोटाच्या आत कुठंतरी हरवले आहेत.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यातलं. मलकापूरच्या बाजारावर जगणारं आणि मुंबईच्या पैशावर लग्नं करणारं. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे गावी आले, पण कोट त्याच्या कितीतरी आधी आला होता. मुंबईच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून त्यांनी तो घेतला. मूळ मालक कोण होता ते कधीच कळणार नाही. उंच आणि रुंद छातीचा होता, एवढं कोटच सांगतो. वर्षभर पेटीत डांबराच्या गोळ्यांत पडून असायचा आणि लग्नसराईत बाहेर निघायचा.

मी इतिहास शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून जुने कागद, जुने फोटो जमवण्याचा नाद लागला आणि वाचनानं तो वाढवला. या तीन फोटोंनी माझ्यापुढं एक साधा प्रश्न ठेवला : कोट अंगाला बसला पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडं आली कुठून? कारण त्याआधीच्या कपड्यांना ती अपेक्षाच नव्हती.

बाराबंदी घ्या. नावातच तिची रचना आहे. पुढचे दोन पदर एकमेकांवर येतात आणि बंदांनी बांधले जातात. माणूस वाळला तर बंद ओढून घ्यायचे, सुटला तर सैल सोडायचे. अंगरख्याचंही तसंच. कापड सरळ रेषेत फाडायचं, काखेत चौबगळा घालायचा, घेरासाठी कळ्या जोडायच्या. हात वर-खाली करायला जागा चौबगळा देतो. खांदा नेमका कुठं संपतो याची शिंप्याला फारशी फिकीर करावी लागत नाही, कारण बाहीची शिवण दंडावर उतरली तरी बिघडत नाही. थोरल्या भावाची बाराबंदी धाकट्यानं घातली तर ती त्याचीच वाटते. धोतर आणि फेटा तर शिवलेलेही नसतात. म्हणजे आपल्या जुन्या पोशाखात बसवण्याचं काम नेसणाराच करत असे, शिंपी नव्हे. ही काही मागासलेली कला नव्हती. एक कपडा तीन पिढ्यांना पुरवण्याची ती फार शहाणी युक्ती होती.

पण त्या पोशाखात माणसाचं माप दिसत नसलं तरी त्याची पायरी दिसत असे. पागोट्याची घडण, धोतराचा काठ, उपरण्याची जर, पायातली वहाण यांवरून समोरचा कोण हे लांबूनच ओळखावं, अशी ती व्यवस्था होती.

कोट वेगळ्या वाटेनं आला. ऑक्टोबर १६६६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं दरबारात लांब बंडीसारखा नवा पोशाख सुरू केला. सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. तीन तुकड्यांच्या सुटाचं मूळ साधारण तिथं धरतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०). हा काही मोठा सरदार नव्हता, पण त्याच्या काळात आणि बऱ्याच अंशी त्याच्यामुळं लंडनच्या पुरुषांनी जरतार आणि रेशीम टाकून गडद रंगाचा साधा लोकरी कोट धरला. कपड्याचा मान आता जरीवरून ठरेना, बेतण्यावरून ठरू लागला. लोकरीचं कापड वाफेच्या इस्त्रीखाली वळतं, ताणलं जातं, आकसतं. त्यामुळं सपाट कापडाला छातीचा उठाव आणि पाठीची खोळ देता येते. ‘बेतणं’ हा आपला शब्द इथं चपखल बसतो; आपल्याकडं शिंपी कापड बेततो आणि माणूस लग्नाचा बेत करतो. अर्थात जिवावरही बेततं.

आपल्याकडं हा कोट पूर्ण जोडीनं आला नाही. आधी वरचा अर्धा आला. शाळामास्तर, तलाठी, वकील यांनी वर कोट, खाली धोतर, डोक्यावर पागोटं किंवा टोपी असा मेळ घातला आणि तो पन्नास-पाऊणशे वर्षं चालवला. बटणं गळ्यापर्यंत, खांदे बेताबातानं. त्या कोटाला कुणी ‘बसत नाही’ म्हणून हसलं नाही, कारण धोतरावर तो कसा बसावा याचा नियमच कुठं नव्हता.

हसं होण्याची भीती वाटली ती इंग्लंडला गेलेल्यांना. गांधीजींनी आत्मकथेत हे मोकळेपणानं सांगितलं आहे. १८८८ च्या शरद ऋतूत ते साउदम्प्टनला उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत, आणि बंदरावर तसे कपडे घातलेले ते एकटेच. मुंबईत शिवून नेलेले कपडे तिथल्या समाजात शोभणार नाहीत असं वाटून त्यांनी नवे घेतले. बाँड स्ट्रीटवर शिवलेल्या संध्याकाळच्या पोशाखाला दहा पौंड घातले आणि पुढं ते पैसे वाया गेले असं लिहिलं.

त्याच १८८८ साली, २ मार्चला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली आणि जोतीराव फुले तिथं गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. जरीच्या पोशाखांच्या रांगेत मुद्दाम तो वेष. हिऱ्यामोत्यांनी सजलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे ड्यूकला दिसावं म्हणून. जोतीरावांचा हा प्रसंग आपण नेहमी सांगतो. मात्र तो करता येण्यासाठी आधी एक अट लागते : चांगला पोशाख घालण्याची मुभा असलेल्या माणसानंच तो उतरवला तर त्याला अर्थ येतो. ज्याला मुभाच नाही त्यानं फाटकं घातलं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही मुभा कशी नाकारली जायची याचं एक उदाहरण डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ निबंधात दिलं आहे. जानेवारी १९२८ मधल्या वर्तमानपत्रातली ती बातमी इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाची आहे. तिथल्या सवर्णांनी बलाईंना गावात राहायचं तर नियम पाळा म्हणून बजावलं, आणि त्या यादीत पहिल्यांदा येतात ते कपडे : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. पाणी आणि मंदिर यांच्याइतकाच धोतराचा काठ त्यांना महत्त्वाचा वाटला होता.

त्याच लेखकाची लहानपणची आठवण मला याहून जास्त छळते. १९०१ ची गोष्ट. साताऱ्याहून भावंडं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. प्रवासासाठी नवे विलायती धर्तीचे सदरे, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे असा थाट. मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आस्थेनं चौकशीला आला. कपडे बघून त्याला ही मुलं ब्राह्मणांची वाटली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. मग कोणी गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी आपणच हाकायची या बोलीवर ती निघाली. मसूर आमच्यापासून काही फार लांब नाही. त्या मार्गानं आगगाडीत बसलो की मला स्टेशनची पाटी दिसेपर्यंत चैन पडत नाही.

मसूरला कपड्यांनी मुलांना क्षणभर झाकलं, आणि एका शब्दानं ते झाकण उडालं. म्हणून पुढं आयुष्यभर त्यांनी घातलेल्या सुटाकडं ‘साहेबी नक्कल’ म्हणून बघणारे लोक मला वरवरचे वाटतात. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला गांधीजी पंचा नेसून गेले आणि बाबासाहेब सुटात. तोवर त्या सुटातला माणूस कोण हे सगळ्या देशाला माहीत होतं. तो सूट काहीच लपवत नव्हता. गांधीजींना उतरवायला काहीतरी होतं. बाबासाहेबांना परवानगी न मागता अंगात घालायचं होतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, पण ते दोघे एकाच रस्त्यानं चालले होते असं मला म्हणवत नाही.

कोल्हापूर संस्थानाशी याचा धागा आहेच. २१ व २२ मार्च १९२० ला माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांची ओळख तुमचा पुढारी म्हणून करून दिली, आणि त्याच वर्षी लंडनच्या शिक्षणासाठी मदतही केली. ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा अर्धपुतळा त्यांच्या हयातीतच बसला. पुढं गावोगाव पुतळे झाले. त्यांतले बहुतेक कोट-टायमध्ये आहेत, आणि रंग दिला असेल तर निळा.

आता परत आमच्या गावात. तपकिरी कोटानं किती लग्नं लावली ते मी मोजायला बसलो होतो. भावकी, शेजार, वरच्या वाडीतले पाहुणे. यादी लांबली, पण गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात तो एकदाही गेलेला नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, “मागायला कोण आलंच न्हाई.” मागितला असता तर दिला असता का, असं विचारल्यावर तिनं चुलीवरचं दूध बघायला सांगितलं.

चौथा फोटो मला त्या वाड्यातच मिळाला, गेल्या उन्हाळ्यात. लग्न १९६२ चं, म्हणजे नागपूरच्या धर्मांतरानंतर सहा वर्षांनी. नवरदेव मुंबईत नोकरीला होते, आता नाहीत. त्यांच्या मुलानं फोटो दिला आणि म्हणाला, “दादांनी कोट कोल्हापुरात शिवून घेतलावता. दोन खेपा केल्या.” त्या काळात आमच्या गावाहून कोल्हापूरच्या दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणं.

चारही फोटो घेऊन मी मलकापूरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं गेलो. कोट-पँट शिवण्यात त्यांची हयात गेली आहे. आता ते फक्त काज-बटणं आणि दुरुस्ती करतात. त्यांनी चष्मा पुसला आणि आधी चौथाच फोटो उचलला. “हा मापाचा,” म्हणाले. कशावरून? त्यांनी नखानं खांदा दाखवला. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर संपते. पुढं लोंबत नाही, मागं चढत नाही. कॉलर मानेला चिकटून आहे, मध्ये फट नाही. बटण लावलंय तरी तिथून घड्या पसरत नाहीत, म्हणजे छातीत मूठभर जागा सोडलेली. बाहीखाली सदऱ्याचा कफ बोटभर दिसतो.

मग माझ्या वडिलांच्या फोटोकडं वळून ते म्हणाले, बाह्या आखूड करता आल्या असत्या, कंबर घेता आली असती, पँटची लांबी तर कुणीही कमी करतं. खांदा मात्र हलत नाही. खांदा कमी करायचा तर बाही उतरवायची, मुंढा नव्यानं कापायचा, आतला कॅनव्हास, अस्तर, कॉलर सगळं उसवायचं. त्यापेक्षा नवा शिवलेला बरा. म्हणून कोट बघताना आधी खांदा बघायचा, बाकी नंतर. दुकानात टांगलेला तयार सूट घेतानाही हाच क्रम, असं त्यांनी मला दोनदा बजावलं, कारण पुतण्याचं लग्न ठरलंय हे त्यांना कळलं होतं. हल्ली आत कॅनव्हासऐवजी डिंकाचं फ्यूजिंग चिकटवतात. दोन-चार धुलाईत छातीवर बुडबुडे येतात, यावरही त्यांचा बराच राग निघाला. भाड्याच्या शेरवानीबद्दल ते काय बोलले ते इथं देत नाही.

“दोन खेपा बरोबर आहेत,” ते म्हणाले. पहिलीला माप, दुसरीला कच्च्या टाक्यावर ट्रायल. ट्रायलला माणूस सरळ उभा राहिला पाहिजे, आरशात बघून ताठ झाला की माप चुकतं. डावा-उजवा खांदा सारखा नसतो. ओझी वाहणाऱ्याचा तर कधीच नसतो. चांगला मास्तर उतरत्या खांद्यात कापसाची घडी जास्त घालतो. चौथ्या फोटोतल्या डाव्या खांद्यात ती घातली असावी, असं त्यांचं मत पडलं. फोटोवरून एवढं सांगता येतं की नाही मला माहीत नाही, पण त्या नवरदेवांनी तरुणपणी लाकूडफाटा वाहिला होता हे मी मास्तरांना सांगितलेलं नव्हतं.

पावसाळा संपल्यावर मी तो फोटो परत करायला गेलो. मुलानं ट्रंक उघडली आणि कोटच बाहेर काढला. निळा. अस्तर काखेत विरलेलं, बाकी शाबूत. डावा खांदा दोन बोटांत धरून दाबला तर खरंच उजव्यापेक्षा जाड लागला. शिवणीच्या आत दीडेक इंच कापड राखून ठेवलेलं होतं, पुढं अंग सुटलं तर उसवता यावं म्हणून.

मी म्हटलं, घालून दाखवा. त्यांनी घातला. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या, मुंढ्यात काचला, बटण लागेना. त्यांनी तो काढला, झटकला आणि परत हँगरला लावला.