फोनच्या पोटातला संगणक

तुमच्याजवळ अँड्रॉइडचा फोन असेल, तर तुमच्याजवळ लिनक्स आहे. हे सांगितलं की पुष्कळांना पटत नाही. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी टाइप करत बसणाऱ्या तज्ज्ञांची गोष्ट, अशी आपली समजूत असते. पण १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जो गाभा लिहायला घेतला, तोच अँड्रॉइडच्या तळाशी आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, तोही लिनक्सचा गाभा पोटात घेऊनच.

मग या फोनवर संगणकासारखं काम का करता येत नाही? पत्र लिहून छापायला पाठवावं, सी भाषेतला प्रोग्रॅम लिहून चालवावा, हवी ती फाइल हव्या त्या जागी ठेवावी, एवढं साधं काम. याचं उत्तर गाभ्यात नाही, गाभ्यावर काय बांधलंय त्यात आहे. आमच्या किनाऱ्यावर डिझेलचं इंजिन होडीलाही बसतं आणि पाणी उपसायलाही लागतं. इंजिन एकाच जातीचं, वरची जोडणी वेगळी. गूगलने लिनक्सचं इंजिन घेतलं आणि वरची जोडणी स्वतःची केली. डेस्कटॉप लिनक्सवरचे प्रोग्रॅम ज्या मूलभूत लायब्ररीवर उभे असतात, ती अँड्रॉइडमध्ये नाही. तिथे गूगलची वेगळी, आटोपशीर लायब्ररी आहे. त्यामुळे इंजिन ओळखीचं असूनही डेस्कटॉपचे प्रोग्रॅम तिथे जसेच्या तसे चालत नाहीत.

ही दोन घरं पुन्हा एक करायचा खटाटोप बराच जुना आहे, अँड्रॉइडच्या आधीपासूनचा. फोनमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स चालवण्याचं काम इंग्लंडच्या रसेल किंग यांनी १९९४ च्या सुमारास सुरू केलं. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची मोठी प्रणाली २००० साली अधिकृतपणे एआरएमवर आली. कॉम्पॅक कंपनीच्या आयपॅक या हातातल्या संगणकावर हौशी लोकांनी लिनक्स चढवलं. जपानच्या शार्पने झॉरस हे लिनक्सवरचं यंत्र विकायला काढलं. नोकियाने २००५ साली ७७० आणि २००९ साली एन९०० आणला. त्यांची प्रणाली डेबियनवरच बेतलेली होती. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीने मिळून सिंप्यूटर केला. तोही लिनक्सवर चालणारा, तळहातावर मावणारा. २००१ मध्ये त्याचा गाजावाजा झाला, २००४ मध्ये 'अमिडा' या नावाने तो बाजारात आला आणि फारसा खपला नाही. सामान्य माणसाला परवडेल असा संगणक म्हणून आखलेली ती वस्तू सामान्य माणसाच्या हाती पोचण्याआधीच मोबाइल फोन त्याच्या हातात पोचला होता.

मी राहतो ते गाव दांडी. दांडी म्हटलं की लोकांना मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत, नवसारीकडची. आमची पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रावर. एका बाजूला तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ पासून वीज करणारं. दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत. आणि मधे मासेमारी करणारी आमची वस्ती. मी त्या वसाहतीत उपकरणांच्या विभागात नोकरी केली आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना संगणक शिकवत आलो, म्हणून या विषयाशी माझा संबंध. आमच्याकडे घरोघर फोन आहे. होडीवरही आहे, हवामान बघायला आणि जागेची खूण ठेवायला. संगणक मात्र मोजक्या घरांत. आणि पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी सांगितलं जातं, प्रोग्रॅम लिहून आण. माझ्या दृष्टीने हा सगळा इतिहास त्या एका वाक्याभोवती फिरतो.

त्या वाक्याची दखल घेऊन झालेला, मला माहीत असलेला सर्वांत गंभीर प्रयत्न आमच्यापासून फार लांब झाला नाही. तो पवईला झाला, आयआयटी मुंबईत.

'आकाश' टॅबलेट वाचकांना आठवत असेल. आधी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेतल्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. त्यांच्या त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रातही लिनक्सच होतं. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ती योजना नाकारली, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वाडीतल्या शाळेत तिचा प्रयोग झालाच. पुढे मंत्रालयाने स्वतःचंच स्वस्त यंत्र काढायचं ठरवलं. कपिल सिब्बल यांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०११ ला पहिला आकाश आला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा. वर्तमानपत्रांनी त्याची भरपूर टिंगल केली, आणि ती अगदीच अन्यायाची नव्हती. राजस्थानच्या आयआयटीकडून मग हे काम आयआयटी मुंबईकडे, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या गटाकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दुसरा आकाश आला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी, बरा पडदा. सरकारला एक नग पडला २,२६३ रुपयांना.

पवईतल्या लोकांपुढे प्रश्न असा होता. हे यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्यायचं. पण अँड्रॉइडवर व्हिडिओ बघता येतो, पुस्तक वाचता येतं. सी, पायथन किंवा सायलॅब चालवायचं कसं? हे प्रोग्रॅम डेस्कटॉप लिनक्सवर वर्षानुवर्षं फुकट उपलब्ध होते. ते एकेक करून अँड्रॉइडसाठी नव्याने लिहायचे, की सगळं लिनक्सच आत आणायचं?

त्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि तो दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा कळायला जरा मजेदार आहे. लिनक्समध्ये एक जुनी सोय आहे, तिला 'चरूट' म्हणतात. संगणकातल्या सगळ्या फाइली एका मूळ फोल्डरखाली झाडासारख्या लटकलेल्या असतात. चरूटने एखाद्या प्रोग्रॅमला सांगता येतं की तुझं मूळ इथे नाही, त्या तिकडच्या फोल्डरपाशी आहे. मग त्या प्रोग्रॅमला बाहेरचं जग दिसतच नाही. तेव्हा अँड्रॉइडच्या एका कोपऱ्यात संपूर्ण डेस्कटॉप लिनक्सचं झाड लावून ठेवायचं आणि सी चा कंपायलर त्या झाडाखाली चालवायचा. गाभा तोच, अँड्रॉइडचाच. पण कंपायलरला वाटतं आपण आपल्या घरीच आहोत. 'आकाश प्रोग्रॅमिंग लॅब' हे ॲप या युक्तीवर उभं होतं. विद्यार्थ्याला दिसायचं एक साधं ॲप. तो प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचा, उत्तर यायचं. मागे काय चाललंय हे त्याला कळायची गरज नव्हती.

दुसरी तऱ्हा अधिक धाडसाची. दुसऱ्या आकाशमध्ये ऑलविनर या चिनी कंपनीची ए१३ नावाची चिप होती. या चिपची एक सवय होती. चालू झाल्यावर ती आधी मेमरी कार्डाच्या खाचेत डोकावते. तिथे सुरू करण्याजोगं काही असेल तर तेच सुरू करते, नसेल तर आतल्या अँड्रॉइडकडे वळते. जगभरच्या हौशी मंडळींनी हे हेरलं होतं आणि त्या चिपसाठी लिनक्सचा गाभा घासूनपुसून तयार ठेवला होता. पवईच्या गटाने त्याचा उपयोग करून मेमरी कार्डावर पूर्ण डेस्कटॉप लिनक्स बसवलं. कार्ड घाला आणि चालू करा, की सात इंची टॅबलेटवर खिडक्या, मेनू, टर्मिनल, सगळं काही. कार्ड काढा, पुन्हा चालू करा, अँड्रॉइड जसंच्या तसं. काही बिघडवावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिकणाऱ्या मुलाला घरच्या एकुलत्या एका यंत्रावर प्रयोग करायची भीती असते, आणि ती रास्तच असते. बिघडलं तर दुसरं कोण आणून देणार? नखाएवढ्या कार्डाने ती भीती घालवली.

त्याच संस्थेतल्या प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्स, सी, सायलॅब यांचे धडे मराठीतून बोलून दाखवलेले आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालतात. यंत्र, प्रणाली आणि आपल्या भाषेतला मास्तर, तिन्ही एका हातात मावतील इतकं जुळून आलं होतं.

तरीही आकाश टिकला नाही. त्यात चिनी बनावटीचे भाग किती यावरून वाद झाला, पुरवठा वेळेवर झाला नाही, चौथ्या आकाशची वैशिष्ट्यं २०१३ मध्ये जाहीर झाली आणि तो विद्यार्थ्यांपर्यंत आलाच नाही. २०१४ नंतर योजना मागे पडली. आकाशचं नाव निघालं की लोक अजून हसतात. मला वाटतं आपण यंत्र फसलं म्हणून हसलो आणि पवईच्या मुलांनी त्यात घातलेलं डोकं पाहायचं राहून गेलं. यंत्र सामान्य होतं, त्यातलं सॉफ्टवेअर काळाच्या पुढे होतं.

पुढे मोठमोठ्यांनी हेच करून पाहिलं. कॅनॉनिकल कंपनीने २०१३ मध्ये 'उबुंटू एज' या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. फोन खिशात असताना फोन, पडद्याला जोडला की संगणक. जमले सुमारे १ कोटी २८ लाख आणि बेत बारगळला. सॅमसंगने २०१८ मध्ये आपल्या महागड्या फोनांवर लिनक्सचा डेस्कटॉप चालवायची सोय चाचणीसाठी दिली आणि पुढच्याच वर्षी काढून घेतली. पाइनफोनसारखे मुळातून लिनक्सचेच फोन निघाले, तेही हौशी मंडळींपुरते.

यातली खरी अडचण पैशाची नाही. घरच्या पीसीला एक शिस्त आहे, १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली. कुठलाही पीसी चालू केला की आत काय काय आहे हे तो एका ठरावीक पद्धतीने सांगतो, म्हणून लिनक्सची एकच सीडी हजार प्रकारच्या पीसींवर चालली. फोनचं तसं नाही. प्रत्येक चिपची तऱ्हा निराळी, चित्रं रंगवणारा भाग बंद कुलपात, आणि कंपनीने एकदाच बनवून दिलेला, पुढे कुणी हात न लावलेला गाभा. खुद्द टोरवाल्ड्स २०११ च्या मार्चमध्ये एआरएमच्या या गोंधळावर चांगलेच वैतागले होते. त्यानंतर गाभ्यात बरीच शिस्त आली, पण फोन सुरू होतानाचं कुलूप कंपनीच्याच हाती राहिलं. पैसे देऊन विकत घेतलेल्या वस्तूत आपण काय चालवायचं हे विकणाऱ्याने ठरवावं, हे आपण फोनच्या बाबतीत फारच मुकाट्याने मान्य केलं आहे. होडी विकत घेतल्यावर तिच्यात कोणती जाळी टाकायची हे होडी बांधणाऱ्याने सांगितलं तर आमच्याकडे कुणी ऐकून घेणार नाही.

तरी पवईची पहिली तऱ्हा जगली. २०१५ च्या सुमारास टर्मक्स नावाचं फुकट ॲप आलं. त्यात लिनक्सची हत्यारं सरळ फोनवर चालतात. त्याच्या जोडीला 'पीरूट' आहे, म्हणजे चरूटचाच सोंगाड्या भाऊ. चरूटला यंत्राची पूर्ण मालकी लागते, ती फोनची कंपनी देत नाही. पीरूट मालकी मागत नाही. प्रोग्रॅमने एखादी फाइल मागितली की मधेच तिचा पत्ता बदलून देतो. त्यामुळे चाल थोडी मंदावते, पण कुलूप न तोडता डेबियन आत येतं, डेस्कटॉपसकट.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या शेजारची एक मुलगी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज बंद, प्रयोगशाळा बंद. सी चे प्रोग्रॅम ती वहीत लिहायची आणि उत्तर काय येईल हे मनानेच ठरवायची. तिच्या फोनवर मी टर्मक्स आणि कंपायलर बसवून दिला. एक छोटी केबल आणि जुना कीबोर्ड जोडला. पावसाळी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि बापाचा फोनही घरीच असायचा, म्हणून तिची धाकटी भावंडं त्यावर आपले धडे बघायची आणि हिचा फोन हिलाच राहायचा. वीज गेली तरी बॅटरी असायची. पावसाळ्यात आमच्याकडे याची किंमत कळते. पहिल्या दिवशी तिच्या प्रोग्रॅममधल्या सात चुका कंपायलरने दाखवल्या. वहीने एकही दाखवली नव्हती.

त्याच वर्षी अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे प्ले स्टोअरवरच्या टर्मक्सची नवी आवृत्ती थांबली आणि लोक ते एफ-ड्रॉइड या मुक्त भांडारातून घेऊ लागले. मार्च २०२५ मध्ये गूगलने स्वतःच्या पिक्सेल फोनांवर लिनक्सचं टर्मिनल दिलं. त्यात डेबियन एका बंदिस्त आभासी यंत्रात चालतं. म्हणजे पवईच्या गटाने २,२६३ रुपयांच्या टॅबलेटवर जे केलं, ते आता बनवणारेच देऊ लागले आहेत. मात्र अजून तरी आमच्या गावात दिसतात त्या स्वस्त फोनांवर ते आलेलं मला दिसलेलं नाही.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. आरंभीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठीऐवजी चौकोन दिसत, तेव्हा डेस्कटॉप लिनक्सवर मराठी सुरळीत उमटत होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली सर्वांसाठी खुले केले होते. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावातल्या टोपीचा रंग. मराठीची खास गोम म्हणजे वाऱ्यावर, दऱ्यात, होऱ्यात येणारा तो आडवा अर्धा र. तो नीट उमटवायला टंकात वेगळे नियम लिहावे लागले. टर्मक्समधल्या डेबियनवर लोहित टंक एका आज्ञेत बसतो. शेजारच्या मुलीने प्रोग्रॅमला 'वारा' आणि 'वाऱ्याचा वेग' अशी अक्षरं छापायला लावली, तेव्हा साध्या टर्मिनलमध्ये तो र मोडका दिसला आणि डेस्कटॉपच्या खिडकीत नीट दिसला. असं का, हे शोधायला तिला आठवडा लागला. मी मुद्दामच सांगितलं नाही.