कस्टर्ड, मेपलचे व काकवीचे

दूध, अंडी आणि गोड पाक यांचे मिश्रण मंद आचेवर घट्ट बसवून केलेला पदार्थ. उत्तर अमेरिकेत त्यात मेपल सिरप घालतात आणि अक्रोड किंवा पेकन यांच्या भरडीच्या बेसवर ओतून ते भाजतात. पुणे जिल्ह्यात मेपलच्या जागी उसाची काकवी आणि पेकनच्या जागी भाजलेले शेंगदाणे किंवा काजू घेऊन हाच पदार्थ करता येतो. प्रस्तुत नोंदीत दोन्ही रूपांचा विचार केला असून कृती पिंपरी-चिंचवडमधील सांगवीसारख्या उपनगरात सहज मिळणाऱ्या जिनसांची दिली आहे.

प्रकार व पूर्वपीठिका : कस्टर्ड दोन प्रकारे घट्ट होते : अंड्याने किंवा पिठाने. महाराष्ट्रातील घरांत दुसरा प्रकार अधिक रुळला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठावर आधारित कस्टर्ड पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी चालत नसत. पुण्यात १९५६ मध्ये सुरू झालेल्या वेकफील्ड या उद्योगामुळे ही पावडर मराठी मध्यमवर्गाच्या फडताळात कायमची आली. केळी, सफरचंद, डाळिंबाचे दाणे घातलेले थंडगार फ्रूट कस्टर्ड हे त्याचे सर्वांत परिचित रूप होय.

अंड्याचे भाजलेले कस्टर्ड इथे तीन वाटांनी आले. पारशी कुटुंबांत लग्नाच्या जेवणात ‘लगननु कस्टर्ड’ असते. आटवलेल्या दुधात अंडी, वेलदोडा, जायफळ घालून वर बदाम व चारोळी पेरतात आणि पृष्ठभागावर तपकिरी डाग येईपर्यंत ते भाजतात. गोव्यात पोर्तुगीज वळणाचे कॅरॅमल पुडिंग सणासमारंभाला होते. इराणी हॉटेलांनी कॅरॅमल कस्टर्ड बन-मस्का आणि चहाच्या शेजारी आणून ठेवले.

या सर्वांच्या आधीपासून महाराष्ट्रात खरवस आहे. गाय किंवा म्हैस व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात गूळ, वेलदोडा आणि जायफळ घालून तो वाफवतात. पहिल्या धारेच्या चिकात प्रथिनांचे प्रमाण साध्या दुधाच्या तिप्पट-चौपट असते आणि त्यांतील बराच भाग वाफेवर गोठणाऱ्या प्रतिकारक प्रथिनांचा असतो. त्यामुळे अंड्याशिवाय वडी पडते. पहिल्या दिवसाचा चीक फार दाट असल्याने त्यात साधे दूध मिसळतात. वासराला त्याचा वाटा आधी पाजून उरलेलाच चीक घ्यावा, हा गोठ्याचा नियम आहे. खरवसात गूळ थंड चिकातच विरघळवतात व नंतर भांडे वाफेवर ठेवतात. काकवीच्या कस्टर्डालाही हाच क्रम लागू पडतो.

घट्ट होण्याचे कारण : अंड्यातील प्रथिने तापल्यावर उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात दुधातील पाणी अडकते. नुसत्या अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२° से. पासून घट्ट होऊ लागतो. दूध व साखर मिसळल्यावर हे तापमान वाढते आणि कस्टर्ड ८०° से. च्या आसपास बसते. ८५° से. च्या पुढे जाळे आकसते, पाणी बाहेर पडते आणि गुळगुळीत पदार्थाचा रवाळ चोथा होतो. बसणे आणि फुटणे यांत अंतर इतके थोडे असल्याने कस्टर्डाला मंद आच लागते. पिठाच्या कस्टर्डाचा नियम याच्या उलट आहे : मक्याचे पीठ उकळी येईपर्यंत शिजवावेच लागते, नाहीतर कच्चट चव राहते. पीठ आणि अंड्याचा बलक एकत्र असतील तरीही उकळी आवश्यक ठरते, कारण बलकातील विकर पिठाचे विघटन करते व रात्रीतून कस्टर्ड पातळ होते.

मेपल सिरप : एसर सॅकरम या मेपल वृक्षाच्या खोडातील रसापासून हे बनते. हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असते तेव्हा खोडाला भोक पाडून रस गोळा करतात. रसात साखर साधारण दोन टक्केच असते, म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवून १ लिटर सिरप मिळते. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४° से. अधिक तापमानाला ते तयार होते व त्यात साखर ६६ टक्क्यांच्या आसपास भरते. युरोपीय लोक येण्यापूर्वीच उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमाती हा रस आटवत असत. जगातील बहुतांश उत्पादन कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होते. भारतात ते आयात होते व महाग पडते. ‘मेपल फ्लेवर’ असे लिहिलेल्या स्वस्त बाटलीत मात्र बहुधा मक्याच्या साखरेचा पाक आणि सुगंधी अर्क असतो. घटकांच्या यादीत फक्त मेपल सिरप लिहिलेले असेल तरच तो माल अस्सल समजावा.

काकवी : उसाचा रस काहिलीत आटवताना गूळ होण्याच्या आधीच्या टप्प्यावर उतरवलेला दाट पाक म्हणजे काकवी. रानभेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस घालून वर येणारी मळी झाऱ्याने काढतात. काकवी साधारण १०५° से. ला उतरवतात, तर गुळासाठी काहील ११६ ते ११८° से. पर्यंत नेतात. दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गुऱ्हाळे जोरात असतात. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातील केडगाव-यवत पट्टा त्यासाठी ओळखला जातो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

काकवी आणि मेपल यांत वासाचे नाते आहे. सोटोलोन हे सुगंधी द्रव्य मेपल सिरपमध्ये, उसाच्या कच्च्या साखरेत आणि मेथीदाण्यात आढळते. कृत्रिम मेपल अर्कासाठी मेथीचाच वापर होतो. न्यूयॉर्क शहरावर २००५ पासून अधूनमधून पसरणाऱ्या मेपलसारख्या वासाचा उगम २००९ मध्ये शेजारच्या न्यू जर्सीतील मेथीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात सापडला. म्हणून काकवीच्या कस्टर्डाला मेपलची झाक हवी असल्यास दूध कोमट करताना त्यात मंद भाजलेले चार-पाच मेथीदाणे टाकावेत व दहा मिनिटांनी गाळून घ्यावे. दाणे वाढवले की वास न वाढता कडवटपणा वाढतो.

काकवीत खनिजे अधिक असल्याने तिची चव किंचित खारट व गडद लागते, म्हणून ती मेपलपेक्षा थोडी कमी घ्यावी. ती आम्लधर्मी असल्याने उकळत्या दुधात पडल्यास दूध फाटते. आधी अंड्यात मिसळून मग कोमट दूध ओतल्यास हा धोका राहत नाही.

सुकामेव्याचा बेस : अक्रोड, बदाम, काजू, शेंगदाणे यांपैकी काहीही चालते. दाणे आधी भाजून पूर्ण गार करावेत आणि मिक्सर थांबवत-थांबवत भरड काढावी. सलग फिरवल्यास तेल सुटून कुटाचा लगदा होतो आणि बेस भाजताना तुपकट होऊन ढासळतो. भरडीत कणीक व थंड लोणी चोळल्यावर मूठ वळली की मिश्रण झाले. ओल्या कस्टर्डाखाली बेस मऊ पडू नये म्हणून तो आधी एकटा भाजतात व गरम असतानाच त्यावर फेटलेल्या अंड्याचा पातळ हात फिरवतात. हा थर शिजून ओलावा अडवतो.

लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की कुटूनही बेस करता येतो. मात्र चिक्कीतील गूळ ओलावा ओढतो, त्यामुळे असा बेस त्याच दिवशी संपवावा. तो कस्टर्डाखाली लावण्यापेक्षा वाढताना वर भुरभुरल्यास अधिक कुरकुरीत राहतो.

कृती (२० सेंमी. व्यासाचे टिन, आठ जणांसाठी) : बेससाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची किंवा काजूंची भरड १२० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, थंड लोणी ६० ग्रॅम, गुळाची पूड २० ग्रॅम व चिमूटभर मीठ घ्यावे. मिश्रण टिनच्या तळाला व कडेला वाटीच्या बुडाने दाबून बसवावे, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे व १७५° से. ला १५ मिनिटे भाजावे.

कस्टर्डसाठी सायीसकट दूध ३०० मिलि., फ्रेश क्रीम १०० मिलि., तीन अंडी, एक जादा बलक, १४० ग्रॅम काकवी (साधारण अर्धी वाटी), मीठ व जायफळ घ्यावे. मेपल सिरप असल्यास ते १६० ग्रॅम घ्यावे. अंडी व काकवी चमच्याने हलक्या हाताने एकजीव करावीत, कारण फेस झाला की पृष्ठभागावर बुडबुडे राहतात. दूध व क्रीम बोट सोसवेल इतके गरम करून बारीक धारेने मिसळावे, गाळावे व बेसवर ओतावे. १५०° से. ला ३५ ते ४५ मिनिटे भाजावे.

तयार झाल्याची खूण मध्यभागी दिसते. टिन हलवल्यावर कडेची चार बोटे स्थिर राहावीत आणि मधला रुपयाएवढा भाग थुलथुलावा. तो पाण्यासारखा हिंदकळत असेल तर आणखी पाच मिनिटे लागतील. टिन बाहेर काढल्यावर आतील उष्णतेने उरलेला भाग आपोआप बसतो. सुरी खुपसून ती कोरडी येण्याची वाट पाहिल्यास कस्टर्ड हमखास जास्त भाजले जाते. दोन तास गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कापावे.

ओव्हनशिवाय : स्टीलच्या वाट्यांना तूप लावून हेच मिश्रण खरवसासारखे वाफवता येते. कुकरची शिट्टी काढावी, पाणी खदखदू देऊ नये आणि झाकणाखाली फडके बांधावे, म्हणजे वाफेचे थेंब कस्टर्डावर पडून खड्डे पडत नाहीत. मंद आचेवर २० ते २५ मिनिटांत वाट्या बसतात. भरडीचे मिश्रण तव्यावर खमंग परतून वाढताना वर घालावे.

बिनअंड्याचे रूप : देहू-आळंदीच्या या परिसरात वारकरी घरे पुष्कळ आहेत व अनेक स्वयंपाकघरांत अंडे येत नाही. त्यांच्यासाठी अर्धा लिटर दुधात ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंड असतानाच कालवून उकळी येईपर्यंत ढवळत शिजवावे. वडी पडण्याइतके घट्ट हवे असल्यास ३ ग्रॅम आगर पावडरही दुधात उकळावी. आगर उकळीशिवाय विरघळत नाही आणि ४०° से. च्या खाली आला की गोठतो. म्हणून मिश्रण कोमटावर येताच, पण गोठू लागण्यापूर्वी, काकवी घालून लगेच बेसवर ओतावे.

दोष व उपाय : कस्टर्डाला पाणी सुटल्यास आच जास्त झालेली असते. पृष्ठभाग तडकल्यास ते जास्त वेळ भाजले गेले किंवा एकदम गार झाले असे समजावे. तळाशी शिजलेल्या अंड्याचे कण लागले तर दूध फार गरम होते व मिश्रण गाळलेले नव्हते. अंड्याचा उग्र वास जायफळाने झाकला जातो, पण तो मुळात येतो जास्त शिजवल्याने. बेस ओला राहिला तर तो आधी पुरेसा भाजलेला नसतो.

सांगवी परिसरातील उपलब्धता : पवना आणि मुळा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातील जुनी सांगवी हे मूळ गावठाण. नवी सांगवी ही नंतरची वाढ. जवळचे रेल्वे स्थानक दापोडी असून लोणावळा लोकल तेथे थांबते. सुकामेव्यासाठी पिंपरी कॅम्पातील बाजार आणि गुळासाठी पुण्याच्या मार्केट यार्डातील गूळ-भुसार विभाग सोयीचा पडतो. अंड्यांच्या दरांचे समन्वयन करणाऱ्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची पवनाथडी जत्रा नवी सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर भरत आली आहे. महिला बचत गटांच्या खाद्यपदार्थांना तेथे मोठे गिऱ्हाईक मिळते. घरून विक्री करणाऱ्यांना मात्र अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी लागते, तसेच अंडे व सुकामेवा यांचा उल्लेख वेष्टनावर स्पष्ट करावा लागतो. शेंगदाणे आणि काजू यांची ॲलर्जी गंभीर ठरू शकते, म्हणून पाहुण्यांना वाढण्यापूर्वीही विचारून घ्यावे.

साठवण व निवड : अंड्याचे कस्टर्ड खोलीतील तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये ते तीन दिवस टिकते, पण डीप फ्रीझरमध्ये ठेवल्यास पाणी सोडते. काकवी ‘पौष्टिक’ म्हणून विकली जाते, तरी ती मुख्यत्वे साखरच आहे. मधुमेहींनी मेपल आणि काकवी दोन्ही सारख्याच सावधपणे घ्यावीत. अस्सल मेपल सिरप हाताशी असेल तर ते भाजण्यात घालवू नये, कारण त्याचा नाजूक वास आचेवर व अंड्यात बराच दबतो. कस्टर्डात काकवी घालावी आणि मेपल वाढताना वरून चमचाभर सोडावे.