कोपऱ्यातला घोडा

बुद्धिबळाच्या पटावर घोड्याचे खरे सामर्थ्य मध्यावर. तेथून त्याला आठ घरे मोकळी असतात. कोपऱ्यातून अवघी दोन. म्हणून ऐन डावात आपण होऊन घोडा कोपऱ्यात नेणारा खेळाडू एक तर नवशिका असावा, नाही तर असामान्य. १९२६ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या स्पर्धेत आरोन निमझोविचने नेमके हेच केले, आणि तेही अकिबा रुबिनस्टाइनसारख्या धुरंधरासमोर.

रुबिनस्टाइनने १९१२ या एका वर्षात पाच स्पर्धांत अग्रस्थान मिळवले होते. जगज्जेत्या लास्करशी १९१४ साली ठरू घातलेला त्याचा सामना महायुद्धाने हिरावून नेला. निमझोविच हा रीगाचा. परंपरेच्या नियमांना आव्हान देणारा त्याचा ‘माझी पद्धती’ हा ग्रंथ १९२५ साली निघू लागला होता. त्या मतांची कसोटी आता पटावर लागायची होती.

निमझोविचने वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. रुबिनस्टाइननेही तेच केले. १८४३ साली पॅरिस येथे सेंट-अमाँविरुद्ध इंग्रज खेळाडू स्टाँटनने वापरल्यामुळे या प्रारंभाला ‘इंग्लिश’ हे नाव पडले. मध्यावर चालून न जाता बगलेने दबाव आणायचा, हे त्याचे तत्त्व. दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दिसत होत्या. तिसऱ्या खेळीला रुबिनस्टाइनने वजिरापुढचे प्यादे पुढे सारून ते साम्य मोडले.

अठराव्या खेळीपर्यंत पांढऱ्याच्या घोड्याची पुढची वाट काळ्याच्या प्याद्याने निरुपयोगी केली होती. निमझोविचने तो उचलून राजाकडील हत्तीच्या मूळ घरात, अगदी कोपऱ्यात ठेवला. ही माघार नव्हती. तो वळसा होता. अडीच-अडीच घरांच्या आणखी तीन उड्या घेऊन तोच घोडा तिसाव्या खेळीला काळ्या राजाच्या अंगणात उतरला. पाठोपाठ वजीर सातव्या ओळीत शिरला आणि लवकरच रुबिनस्टाइनला हार पत्करावी लागली.

नऊ फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवून निमझोविच पहिला आला. पुढच्याच वर्षी जगज्जेता झालेला अलेखाइन त्याच्या मागे, सात गुणांवर राहिला. तथापि जगज्जेतेपदाचा सामना या डावातील दोघांपैकी एकालाही कधी लाभला नाही. निमझोविच १९३५ साली कोपनहेगन येथे निवर्तला. मानसिक व्याधीने ग्रासलेल्या रुबिनस्टाइनने १९३०नंतरच्या काही वर्षांतच स्पर्धांचा निरोप घेतला. पदांच्या यादीत त्यांची नावे नाहीत. परंतु मोहऱ्याची योग्यता तो उभा असलेल्या घरावरून नव्हे, तर त्याला पुढे मिळणाऱ्या वाटेवरून ठरते, हे शिकवताना ती अठरावी खेळी आजही मांडून दाखवली जाते.