पुढची सीट : वाशी, २१ डिसेंबर २०२४

शनिवार, रात्र. ठाणे जिल्ह्यातलं वाशी. वडील मुलांना गाडीत घालून पाणीपुरी खायला निघालेले. सहा वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर. पुढे बसायचा हट्ट कुठलं पोर करत नाही?

साडेअकराच्या सुमारास. पुढे चाललेली एसयूव्ही दुभाजकावर आदळली. तिचा मागचा भाग उचलला गेला आणि मागून येणाऱ्या या गाडीच्या बॉनेटवर आपटला.

धक्क्यानंतर सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. सेन्सरने धक्का ओळखला, एअरबॅग सुटली.

विसावा भाग. पिशवी पूर्ण फुगली, ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने. ती बेतलेली असते पट्टा लावून मागे रेलून बसलेल्या मोठ्या माणसासाठी. त्याची छाती पिशवीपासून वीतभराहून लांब असते, त्यामुळे माणूस पुढे येईपर्यंत ती फुगून तयार असते आणि त्याला झेलत हवा सोडते. मूल ठेंगणं, सीटच्या पुढच्या कडेला सरकून बसलेलं असलं, तर ती फुगता फुगताच त्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर येते. एवढ्या वेळात पापणीही लवत नाही. बापाचा हात कुठून पोचणार?

नंतर. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. आतल्या आघाताने मूल गेलं. बाकीच्यांचं किरकोळ जखमांवर निभावलं.

पण हे सगळं त्या रात्री साडेअकराला सुरू झालं नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं : १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड. २०२१ मध्ये नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची झाली. ते योग्यच झालं. मात्र त्या सीटवर मूल बसवू नका, हे गाडीची चावी हातात देताना ठासून सांगायला हवं होतं, आजही हवं. सनव्हायजरवर चिकटवलेलं बाळाच्या सीटचं फुलीवालं चित्र किती जण वाचतात?

ठाणे जिल्ह्यातल्याच घोडबंदर आणि कल्याण-शीळ रस्त्यांवर रोज दिसतं : पुढे आई, मांडीवर बाळ. ताशी ४० च्या वेगात गाडी धडकून थांबली, तर दहा किलोचं बाळ शंभर किलोहून अधिक जोराने पुढे ओढलं जातं. कुठल्याच आईच्या हातांना ते पेलणार नाही. बाळाची जागा मागे, त्याच्या सीटमध्ये, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. आणि सहा वर्षांच्या मुलाला मागेच बूस्टर सीट, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून जातो.