पेशी, साथ आणि समाज

"रोग कशामुळे होतो?" असे वर्गात विचारले की "जंतूंमुळे" हे उत्तर लगेच येते. ते चूक नाही. पण तेवढे पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी आपण १८४८ सालच्या प्रशियात जाऊ.

प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागात (आज तो मुख्यतः पोलंडमध्ये आहे) दुष्काळापाठोपाठ टायफसची भयंकर साथ आली. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. हे दोन वेगळे रोग आहेत. पाहणीसाठी सरकारने बर्लिनहून पाठवलेल्यांत २६ वर्षांचे रूडोल्फ फिरखो होते. ते विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे शवविच्छेदन करून व ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, रोगाने शरीरात काय बदल घडवले ते शोधणारे वैद्य. सुमारे तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्यांनी रोग्यांबरोबर त्यांची घरे, अन्न, शेती आणि शाळाही पाहिल्या.

वैद्याच्या अहवालात औषधांची यादी असावी, अशी कोणाचीही अपेक्षा. फिरखोंनी मात्र पूर्ण लोकशाही, तेथील लोकांना त्यांच्या पोलिश भाषेतून शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि गरिबांवरील करांचा बोजा श्रीमंतांकडे वळवणे, असे उपाय सुचवले! बर्लिनला परतल्यावर त्याच मार्चमध्ये झालेल्या उठावात ते सामील झाले. पुढच्या वर्षी त्यांना बर्लिन सोडून वुर्झबर्गला जावे लागले.

रोगाचे मूळ पेशींमधील बदलांत शोधावे, हा त्यांचा सिद्धांत १८५८ साली ग्रंथरूपाने आला. शरीर म्हणजे जणू पेशींचे राज्य आणि प्रत्येक पेशी त्याची नागरिक, अशी उपमा ते देत. रोग म्हणजे बाहेरून आलेले भूत नव्हे. बदललेल्या परिस्थितीत चाललेले तेच जीवन होय, असे त्यांचे मत होते.

हाच प्रश्न पुढे समाजशास्त्रात आला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांनी १८९५ सालच्या ग्रंथात समाजातील 'सामान्य' आणि 'विकृत' यांत फरक कसा करावा, याची चर्चा केली. गुन्हे प्रत्येक समाजात आढळतात, म्हणून काही प्रमाणात ते सामान्यच. प्रमाण अवाजवी वाढले तर विकृती, असा त्यांचा युक्तिवाद होता.

येथे सावध राहायला हवे. शरीराचा सडलेला भाग कापून टाकतात. समाजाला तोच न्याय लावला तर 'सडलेला भाग' कोणता हे कोण ठरवणार? फिरखोंनी माणसांना दोष दिला नाही, त्यांच्या परिस्थितीला दिला. उपमेचा हा उपयोग आम्हांला मोलाचा वाटतो.

टायफस अंगावरच्या उवांमार्फत पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली दाखवले. फिरखो १९०२ मध्येच वारले होते. मग त्यांचा अहवाल चुकीचा ठरला का? नाही. एकच कपडा, अंघोळीला गरम पाणी नाही, थंडीत एका खोलीत दाटीने झोपणारी उपाशी माणसे: उवा फोफावतात त्या अशाच ठिकाणी. जंतू आणि गरिबी ही एकाच साखळीतील दोन कडी आहेत.

म्हणून विद्यार्थ्याने "जंतूंमुळे" असे सांगितले, तर त्याला शाबासकी द्यावी आणि पुढचा प्रश्न विचारावा: "पण ते याच वस्तीत का पसरले?"