न झालेल्या गोलांचा मानकरी

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोचले आहे. मेलबर्नच्या माणसाला मात्र हे मैदान तितकेच, किंबहुना अधिकच, 'फुटी'चे वाटते. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली एका पत्रातून केली. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबने या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. एका बाजूला १८ खेळाडू, मैदान क्रिकेटचेच, चेंडू लंबगोल. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू मारला की गोल, त्याचे सहा गुण. शेजारच्या आखूड खांबाच्या आत गेला तर एक गुण.

या खेळात सगळ्याची मोजदाद होते. कोणी किती गोल केले, किती वेळा चेंडू मिळवला, किती झेल घेतले, हे सारे मांडले जाते. १९२४ पासून चालत आलेले 'ब्राउनलो पदक' तर पंचांच्या मतांवर ठरते. पंच चेंडूच्या मागे धावतात, म्हणून हे पदक बहुतेक वेळा मधल्या फळीतल्या खेळाडूकडेच जाते. प्रश्न उरतो तो बचावपटूचा. कबड्डीत चढाईपटूच्या नावाने टाळ्या पडतात; पण त्याला मोकळी वाटच मिळू न देणारा कोपरारक्षक कोणाच्या ध्यानात राहतो? जो गोल झालाच नाही, तो कोणत्या वहीत लिहायचा?

डेल मॉरिस हा असा खेळाडू. त्याचे वडील केव्हिन मॉरिस रिचमंड क्लबच्या १९७३ आणि १९७४ च्या विजेत्या संघांत होते. मुलाला मात्र मुख्य निवडीत कोणीच उचलले नाही. तो वेरिबी या मेलबर्नच्या पश्चिमेकडील गावाच्या संघातून दुय्यम पातळीवर खेळत होता. तेथून 'वेस्टर्न बुलडॉग्ज'ने त्याला आपल्या 'रूकी' यादीत, म्हणजे जवळजवळ उमेदवार म्हणून, घेतले. २००५ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, तो पहिला मोठा सामना खेळला. त्याचे काम ठरलेले असे. समोरच्या संघाचा सर्वांत घातक आक्रमक, बहुधा स्वतःहून उंच, त्याच्या वाट्याला येई. त्याला चेंडू मिळू द्यायचा नाही, मिळालाच तर सुखाने मारू द्यायचा नाही. २००८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या 'ऑल ऑस्ट्रेलियन' संघात तो निवडला गेला. २०११ मध्ये पाय मोडला आणि २०१२ चा सबंध हंगाम हातचा गेला. तो परत आला आणि पुन्हा तेच काम करू लागला.

अशा खेळाडूवर चाहत्यांनी इतका जीव का लावावा, हे समजण्यासाठी त्याच्या क्लबाचा इतिहास पाहावा लागतो. बुलडॉग्जचे मूळ नाव फुट्सक्रे. दगडखाणी, दारूगोळ्याचा कारखाना आणि कामगारांच्या चाळीवजा घरांची ही मेलबर्नची पश्चिमेकडची वस्ती. क्लब १९२५ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला. चार्ली सटन या कर्णधार-प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने १९५४ मध्ये मेलबर्नला ५१ गुणांनी हरवून पहिले विजेतेपद मिळवले. १९६१ मध्ये अंतिम सामना हरला, आणि मग अंतिम सामन्याचे तोंडच पाहायला मिळेना.

१९८९ मध्ये लीगने हिशेब मांडला. क्लब कर्जात आहे, तेव्हा तो फिट्झरॉय क्लबात विलीन करावा, असा निर्णय जाहीर झाला. त्या वेळी आयरीन चॅटफील्ड या साध्या चाहतीने आपल्या नावावर कोर्टात दावा लावला. पीटर गॉर्डन या वकिलाने लढ्याचे नेतृत्व केले. लोक डबे खुळखुळवत रस्त्यारस्त्यांवर उभे राहिले आणि काही आठवड्यांत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. क्लब वाचला. फिट्झरॉयचे दैव तसे नव्हते. तो क्लब १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस फुट्सक्रेने 'वेस्टर्न बुलडॉग्ज' हे नाव घेतले. आज त्याच पश्चिम पट्ट्यात, टार्नीट आणि पॉइंट कुकसारख्या उपनगरांत, भारतातून गेलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत.

ताळेबंदाने ज्यांना मोडीत काढले होते, अशा लोकांचा हा क्लब. त्यांना आकड्यांत न मावणाऱ्या माणसाची किंमत कळली, यात नवल नाही.

२०१६ मध्ये बुलडॉग्ज गुणतक्त्यात सातवे होते. सातव्या स्थानावरून आजवर कोणी विजेता झाले नव्हते. तरी ते अंतिम सामन्यात पोचले. १ ऑक्टोबरला समोर सिडनीचा संघ होता आणि त्या संघात लान्स फ्रँकलिन हा त्या काळातला सर्वांत धाक असलेला आक्रमक. शेवटची पाळी, बुलडॉग्जची आघाडी थोडक्याच गुणांची. फ्रँकलिनच्या हाती चेंडू आला, त्याने वळण घेतले, आणि मागून ३३ वर्षांच्या मॉरिसने त्याला घट्ट पकडले. चेंडू निसटला, टॉम बॉइडच्या हाती गेला. बॉइडने मैदानाच्या मध्यावरूनच लांब लाथ मारली. चेंडू टप्पे खात खांबांमधून गेला. बुलडॉग्ज ८९, सिडनी ६७. बासष्ट वर्षांनी विजेतेपद आले. गोल बॉइडच्या नावावर लागला, आणि ते योग्यच. मागाहून कळले, की मॉरिस ते सामने पाठीच्या मणक्यांना तडे गेलेले असताना खेळला होता.

पुढे गुडघ्याने साथ सोडली. २०१९ मध्ये, ३६ व्या वर्षी, २५३ सामने खेळून तो निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या वेळी पुन्हा पुन्हा सांगितली गेली ती तीच एक पकड.

फुटीत निरोपाचे रिवाज देखणे आहेत. चाहते क्रेप कागदाचे भलेमोठे फलक हाताने चिकटवून तयार करतात आणि खेळाडू ते फाडून मैदानात उतरतात. मानाच्या खेळाडूला शेवटच्या सामन्यानंतर सहकारी खांद्यावर उचलून नेतात. अंतिम सामन्याच्या दिवशी त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांना मोटारीतून मैदानाची फेरी घडवतात. मॉरिसने ज्याला पकडले, त्या फ्रँकलिनने २०२२ मध्ये सिडनीला हजारावा गोल केला, तेव्हा हजारो माणसे मैदानात धावून गेली. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,०६६ गोल होते. हा मान त्याचाच.

बचावपटूसाठी असा आकडा नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी मैदानात धावतही नाही. त्याची नोंद राहते ती प्रेक्षकांच्या बोलण्यात. आजोबा नातवाला सांगतात, 'तो फ्रँकलिन सुटला असता, तर...' १९८९ मध्ये डबा घेऊन उभी राहिलेली माणसे, आणि २०१६ मध्ये आपल्या मुलाबाळांसह ती पकड पाहणारी माणसे, यांच्यात पुष्कळ जण तेच होते. खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याने आकडेवारी पाहावीच, पण अशा माणसांशेजारी बसून एखादा सामनाही पाहावा. कोणाचे काय राहून गेले आहे, ते त्यांना ठाऊक असते.