संगणक, संरक्षण आणि परकीय नकार

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेला असणार. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात एक धागा असा आहे, की जो मंडळांच्या वार्षिक अहवालांत सहसा सापडत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला रेल्वे, टपालखाते, न्यायालये आणि संस्थानांचे दरबार यांनी परप्रांतात नेले. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीतील अनेकांना बंगलोर, हैदराबाद, तिरुवनंतपुरम आणि दिल्ली येथे नेले ते सरकारी कारखान्यांनी व प्रयोगशाळांनी. या संस्थांमागे नव्या तंत्रविद्येविषयीचे आणि राष्ट्राच्या संरक्षणाविषयीचे एक धोरण होते. ते धोरण दिल्लीतील नियोजनकारांनी जितके घडविले, तितकेच ते परकीयांनी वेळोवेळी दिलेल्या नकारांनी घडविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. हा इतिहास सगळाच सांगू गेल्यास ग्रंथ होईल. म्हणून संगणकापुरतीच मर्यादा घालून घेतो.

प्रारंभ करावा लागतो तो १९६२च्या हिवाळ्यापासून. चीनच्या आक्रमणापुढे आपल्या सैन्याची जी दैना झाली, तिच्यात बंदुका आणि गरम कपडे यांच्या तुटवड्याची चर्चा पुष्कळ झाली. दळणवळणाच्या साधनांची चर्चा त्या मानाने कमी. पहाडातील ठाण्याला मुख्यालयाशी बोलता येत नसेल, तर शौर्य एकाकी पडते. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे उद्‌गार तेव्हा घरोघरी ऐकू येत. चव्हाणांच्या कारकिर्दीत संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली गेली आणि शस्त्रास्त्रांच्या उत्पादनास गती मिळाली, हे सर्वश्रुत आहे. तितकी प्रसिद्धी न मिळालेली घटना म्हणजे ऑगस्ट १९६३मध्ये नेमलेली इलेक्ट्रॉनिकी समिती. अध्यक्ष डॉ. होमी भाभा, सदस्यांत डॉ. विक्रम साराभाई, संरक्षणमंत्र्यांचे शास्त्रीय सल्लागार डॉ. भगवंतम्‌ आणि ट्रॉम्बेचे श्री. ए. एस. राव.

भाभांची दृष्टी अशी, की रडार, बिनतारी संदेशयंत्रे, अणुभट्टीचे नियंत्रण आणि संगणक ही एकाच कुळातील भावंडे आहेत. एक विकत आणून दुसरे घरी करीन म्हणणाऱ्याला कोणतेच धड येणार नाही. बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना १९५४पासून होता, तो फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने १९६०च्या सुमारास ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधून पुरा केला होता. परंतु संशोधन संस्थेतील एक यंत्र वेगळे आणि कारखान्यातून निघणारी मालिका वेगळी. समितीचा अहवाल १९६६मध्ये तयार झाला. त्याच वर्षी २४ जानेवारीस भाभा आल्प्सवरील विमान अपघातात निवर्तले. पुढच्याच वर्षी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि ट्रॉम्बेत जन्मलेल्या टीडीसी मालिकेतील संगणक तेथे बनू लागले. टीडीसी म्हणजे ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’. हैदराबादच्या वसाहतीत मुंबईची नावे अशी कागदोपत्री रुजली होती.

समितीचे काम चालू असतानाच सप्टेंबर १९६५च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत थांबविली. आपल्या दृष्टीने आक्रमक आणि आक्रमित यांना एकाच मापाने मोजणारा हा न्याय होता. पण त्यातला धडा स्पष्ट होता. त्याहून मोठा धडा तारापूरने दिला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हे अणुवीजकेंद्र अमेरिकेच्या साहाय्याने उभे राहून १९६९मध्ये वीज देऊ लागले. समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरविण्याचा करार १९६३चा. मे १९७४मध्ये पोखरणचा स्फोट झाला, १९७८मध्ये अमेरिकेने स्वतःच्या देशात नवा कायदा केला, आणि करारातील शब्द कायद्यापुढे लटके पडले. अखेर १९८२मध्ये फ्रान्सशी व्यवस्था करून केंद्र चालू ठेवावे लागले. मुंबईच्या दिव्यांची वीज वॉशिंग्टनमधील एका विधेयकावर अवलंबून असू शकते, हे तेव्हा प्रथमच सामान्य वृत्तपत्रवाचकाला कळले.

दिल्लीत १९७०मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभाग आणि १९७१मध्ये इलेक्ट्रॉनिकी आयोग स्थापन झाला. दोहोंची सूत्रे प्रा. एम. जी. के. मेनन यांच्याकडे होती. येथून धोरणाला दोन तोंडे फुटली. एक निर्मितीचे, दुसरे परवान्याचे. परदेशी संगणक आणावयाचा तर विभागाची अनुमती हवी; ती मिळेपर्यंत, मागितलेले यंत्र कित्येकदा मूळ देशात जुने होऊन जाई. संरक्षणासाठी आखलेल्या शिस्तीचा काच बँकांना, विद्यापीठांना आणि लहान उद्योजकांना बसला. स्वावलंबनाच्या नावाने आपण त्या काळात जे गमावले, त्याचा हिशेब स्वावलंबनाच्या कैवाऱ्यांनी कधी नीट मांडला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८४च्या नोव्हेंबरातील नव्या संगणक धोरणाने ही गाठ बरीच सैल केली.

याच काळात आयबीएमचे प्रकरण घडले. ही कंपनी अमेरिकेत कालबाह्य ठरलेली यंत्रे येथे भाड्याने देते, अशी टीका संसदेच्या लोकलेखा समितीने केली होती. १९७३च्या परकीय चलनविषयक कायद्यानुसार परदेशी भांडवल चाळीस टक्क्यांवर आणावयाचे होते. पुण्यात कारखाना असलेल्या ब्रिटिश आयसीएलच्या उद्योगाने ते मान्य केले. आयबीएमने मानले नाही आणि १९७८मध्ये येथला कारभार आवरला. तिच्या यंत्रांची निगा राखण्याचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले. दुसऱ्याच्या यंत्रांची डागडुजी करता करता या मंडळींचा हात इतका बसला, की १९८५च्या सुमारास रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचे काम त्यांनीच दिल्लीत सुरू केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाण्यासाठी पहाटे रांगेत उभे राहून, खिडकीवरच्या जाडजूड वह्यांकडे आशेने पाहिलेल्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगावयास नको. यंत्रे परदेशी होती. परंतु त्यांत घातलेली सारी बुद्धी, म्हणजे डबे, कोटे, प्रतीक्षायादी आणि रद्द झालेली तिकिटे यांचा हिशेब, येथल्या अभियंत्यांनी लिहिली होती.

आता महासंगणकाकडे वळू. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचे यंत्र मागितले. कारण सांगितले ते मान्सूनचे, आणि ते खरेही होते. मोसमी पावसाचा अंदाज काही दिवस आधी वर्तवायचा, तर वातावरणाच्या गणिताला प्रचंड आकडेमोड लागते. परंतु ज्या यंत्रावर ढगांचे गणित सुटते, त्यावर अण्वस्त्राचेही सुटते. त्या वेळी पाश्चात्त्य राष्ट्रांची ‘कोकॉम’ ही संघटना साम्यवादी गटाकडे जाणाऱ्या प्रगत मालावर लक्ष ठेवीत असे. सोव्हिएत संघाशी सख्य आणि गाठीशी पोखरण असलेल्या भारताकडे अमेरिका त्याच संशयाने पाही. दीर्घ वाटाघाटींनंतर आपण मागितलेल्या यंत्राऐवजी कमी क्षमतेचे एकाच प्रोसेसरचे एक्स-एमपी १४ मिळाले, तेही वापरावरील देखरेखीच्या अटींसह. १९८९मध्ये ते दिल्लीच्या हवामान केंद्रात कार्यान्वित झाले. स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर काय चालवायचे याला परक्याची संमती लागावी, ही गोष्ट शास्त्रज्ञांना किती बोचली असेल याची कल्पना करता येते.

यंत्र येण्यापूर्वीच दुसरी वाट धरली गेली होती. १९८८मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले. त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातला हा माणूस नागपूर, बडोदे आणि दिल्ली येथे शिकून तिरुवनंतपुरमच्या संशोधन केंद्रात वर्षानुवर्षे संचालक होता. आपल्यासारखाच परप्रांती मराठी माणूस. मुदत तीन वर्षांची होती.

त्यांनी जे केले त्याचे मर्म समजून घेण्याजोगे आहे. क्रेचे सामर्थ्य एका अतिवेगवान, खास घडविलेल्या प्रोसेसरमध्ये होते, आणि तो आपल्याला कोणी दिला नसता, करताही आला नसता. परंतु लहान प्रोसेसर बाजारात मिळत होते. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ‘ट्रान्सप्युटर’ हा त्यांपैकी एक. त्याला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार वाटा मुळातच दिलेल्या असत. असे अनेक प्रोसेसर जोडून एकच मोठे गणित सर्वांत वाटून द्यावे, हा समांतर संगणनाचा मार्ग. लग्नघरातील पुरणपोळ्यांसारखाच हा प्रकार. एका कसबी आचाऱ्याऐवजी वीस बायका बसल्या, तर काम वीसपट लवकर होईल असे वाटते. पण पुरण वाटणारीचा हात थांबला की लाटणारी थांबते, आणि लाटणारी थांबली की तवा रिकामा तापतो. कोणी कोणाला काय, केव्हा द्यायचे हे ठरविण्यातच सगळे कौशल्य. ते कौशल्य, म्हणजे जोडणीची रचना आणि तिला चालविणारी प्रणाली, सी-डॅकने सिद्ध केले. १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे त्याची एक प्रत मॉस्कोलाही गेली.

या यशाभोवती नंतर दंतकथाही जमल्या. कागदावरील कमाल वेग आणि प्रत्यक्ष कामातील वेग यांत अंतर असते, आणि जुन्या धाटणीची गणिते समांतर यंत्रासाठी नव्याने लिहिणे हे किचकट काम असते; दिल्लीतील हवामानाचे दैनंदिन अंदाज नव्वदच्या दशकातही क्रेवरच निघत होते. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर यंत्र १९८६मध्येच बांधले होते, आणि ट्रॉम्बेने ‘अनुपम’ बांधला. परमच्या कौतुकात त्यांचा उल्लेख राहून जातो. परम झाला म्हणून अमेरिकेने निर्बंध सैल केले, असेही सांगतात. त्यात तथ्य असेल. परंतु त्याच सुमारास सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९४मध्ये कोकॉमही विसर्जित झाली, हे विसरता येणार नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद उरते. मे १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने अनेक भारतीय संस्थांना निर्बंधांच्या यादीत घातले. त्याच वर्षी सी-डॅकने ‘परम १००००’ उभा केला होता. १९६५मध्ये किंवा १९७८मध्ये जी धावपळ उडाली तशी या वेळी उडाली नाही.

त्यानंतर भारत नकार घेणाऱ्यांच्या रांगेतून हळूहळू पलीकडे सरकला. क्षेपणास्त्र तंत्रविद्या नियंत्रण व्यवस्थेत २०१६मध्ये आणि कोकॉमची जागा घेणाऱ्या वासेनार व्यवस्थेत २०१७मध्ये आपल्याला सदस्यत्व मिळाले. कोणता माल, कोणती प्रणाली परवान्याविना देशाबाहेर जाऊ नये याची यादी आपणही ठेवतो. जून २०२१पासून दूरसंचार कंपन्यांना जाळ्यातील यंत्रसामग्री सरकारने विश्वसनीय ठरविलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावी लागते. संशय घेण्याचा अधिकार आता आपणही बजावतो. अणुपुरवठादार गट मात्र, जो मूळचा १९७४च्या पोखरणमुळेच जन्मला, त्याचे दार आपल्याला अद्याप उघडलेले नाही.

जुना प्रश्न नव्या वेषात पुन्हा आला तो जानेवारी २०२५मध्ये. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या प्रोसेसरांच्या निर्यातीचे नियम अमेरिकेने जाहीर केले. अठरा मित्रराष्ट्रांना मुक्तद्वार, आणि भारताला त्या पंक्तीत पाट नाही, संख्येची मर्यादा. मे महिन्यात नव्या सरकारने ते नियम मागे घेतले. चार महिन्यांत दिलेले आणि काढून घेतलेले हे बंधन प्रत्यक्षात फारसे जाचले नाही. परंतु क्रे-प्रकरण पाहिलेल्या निवृत्त मंडळींना त्यात ओळखीचा चेहरा दिसला असेल.

दरम्यान २०१५मध्ये मंजूर झालेल्या ४५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन योजनेतून परमची नवी पिढी देशभर पोहोचली. सप्टेंबर २०२४मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ संगणकांचे उद्‌घाटन झाले. पुण्याचा संगणक नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी काम करतो. त्याच्या सर्व्हरचा आराखडा आणि बांधणी येथली आहे. आतील प्रोसेसर इंटेल या अमेरिकन कंपनीचे आहेत. सी-डॅकने ‘औम’ नावाचा स्वतःचा प्रोसेसर हाती घेतला आहे. त्याचा पाया ब्रिटनच्या आर्म कंपनीची रचना हा असून त्याची प्रत्यक्ष घडण तैवानमध्ये व्हावयाची योजना आहे.